छातीवरची डबी

रिखधार, हिमाचल
६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
रामलिंगचे शरणाथी नमस्कार.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेली धपाटी दिल्लीपर्यंत पुरली. ठेचा अजून आहे आणि इथली माणसं त्याला घाबरून आहेत. प्रेम म्हणजे आमच्या बचाव पथकाचा प्रमुख. त्यानं बोटभर चाटला आणि मग कितीतरी वेळ तोंडात बर्फ धरून बसला.

निघताना तू विचारलंस, "त्या बर्फात एवढं काय पुरून ठेवलंय रे?" रिक्षा दारात उभी होती, म्हणून उत्तर राहिलं. आता सवडीनं लिहितो. फोनवर तुला ऐकू येत नाही हे एका परीनं बरंच आहे, त्यामुळं माझं अक्षर तरी टिकून राहिलंय.

सकाळी नऊला लोखंडी दोरावरच्या खुर्च्या सुरू होतात. खाली नवशिक्यांचं मैदान आहे. लोक भाड्याचे रंगीत कोट चढवतात, पायांत स्कीच्या लांब पट्ट्या अडकवतात आणि नीट उभे राहायच्या आत धपकन बसतात. हसायला येतं, पण आपल्याला हसायची परवानगी नाही, पगार त्याचाच आहे. ज्यांना तेही जमत नाही ते फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसून ओरडत खाली येतात. परवा एक सत्तरीच्या बाई चार वेळा आल्या. तुझी आठवण झाली. तू आली असतीस तर त्यांना आधी रांगेत उभं केलं असतंस.

माझं काम त्याच्या वर. मैदानाच्या वरच्या अंगाला एक फाटक आहे आणि फाटकापलीकडं मोठा उतार. तिथला बर्फ कधी कधी थराच्या थर सुटून खाली येतो. म्हणून पलीकडं जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर बीकन बांधलेलं लागतं. तू घरी पाहिलीस ना, साबणाच्या डबीएवढी, पट्टा असलेली? तीच. ती सारखी हाक मारत असते. माणसाच्या कानाला ती हाक ऐकू येत नाही, दुसऱ्या बीकनला येते. कुणी गाडला गेला की बाकीचे आपापली बीकनं ऐकण्यावर लावतात आणि त्या हाकेच्या मागं जाऊन खणतात. पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर बहुतेक माणूस वाचतो. पुढच्या मिनिटांचं आम्ही आपसांत बोलत नाही.

तू रागावलीस की गळ्यातलं इष्टलिंग ट्रंकेत ठेवून ती डबी कशी बांधतोस. आत्या, लिंगाची चांदीची चौकट बीकनला खेटून चालत नाही, हाक बिघडते. खाली आलो की मी लिंग घालतो. खरंच घालतो.

तुझा
रामलिंग

---

लातूर
१९ डिसेंबर २०२४

चि. रामलिंग यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तेरा दिवसांनी आलं. अक्षर टिकलंय म्हणतोस, पण "शरणार्थी"चा रफार कुठल्या कुठं उडालाय. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, आता तुझी तरी सुटेल असं समजू नकोस.

इकडे येळवशीच्या शेतातल्या जेवणाची गडबड सुरू झाली. गौरम्मा भज्जीसाठी तुरीचे दाणे सोलत बसली आहे आणि मला कामाला हात लावू देत नाही. पोटची पोरगी, पण सासूसारखी वागते. मिक्सरचं तुला ठाऊक आहेच. गेल्या खंडेनवमीला मी त्याला दोन तांबे पाणी घालून धुतला आणि भस्माचे पट्टे ओढले. दुसऱ्या दिवशी धूर निघाला. तेव्हापासून घरात कुणी आलं की ही सांगते, "आमच्या अव्वापुढं मशीन ठेवू नका, लगेच अभिषेक करून राहते." आलेला माणूस हसतो. तोंडं हलताना दिसतात, ऐकू येत नाही, पण कशाला हसतात ते मला कळतं.

या खंडेनवमीलाही मी पूजा केलीच. विळा, खुरपं, गौरम्माचं शिलाई मशीन, आणि तू झोपला होतास तेव्हा तुझं सामान. बूट, पट्ट्या, फावडं, ती डबी. सगळ्यांना भस्म लावलं. तू वर्षातले चार महिने लिंगावाचून डोंगरावर असतोस, निदान अंगावर जे असेल त्याला तरी देवाचा हात लागलेला असावा, असं मला वाटलं.

सहज विचारते, त्या डबीला पाण्याबिण्यानं काही होतं का? म्हणजे बर्फ वितळून लागतच असेल. लिही सवडीनं.

आणखी एक. अंजूला तुझ्याकडं यायचं आहे. विष्णुपुरीच्या कॉलेजची परीक्षा जानेवारीत संपते, तिघी मैत्रिणी मिळून येणार म्हणतात. गौरम्मा आधी नको म्हणाली. मी म्हटलं, मामा आहे तिथं, जाऊ दे. माझी एकुलती एक नात आहे, नीट सांभाळ.

तुझी
आत्या

---

रिखधार
२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शरणार्थी. (रफार बघून घे.)

येळवस कशी झाली? आंबिलीच्या आठवणीनं मी त्या दिवशी इथं ताकात पीठ कालवून शिजवलं. प्रेमनं एक घोट घेतला आणि विचारलं, आजारी माणसाचं आहे का?

डबीला पाण्याचं विचारलंस. बाहेरून कितीही बर्फ लागला तरी काही होत नाही. आत मात्र थेंबही जायला नको. पण आत कोण घालतंय पाणी? सेलचं झाकण नाण्यानं फिरवल्याशिवाय उघडत नाही.

पूजेचं वाचून मात्र बरं वाटलं. मी प्रेमला सांगितलं तर त्यानं डबी डोक्याला लावली. त्याचंही घर देवभोळं आहे.

तशी एकदा डबीनं गंमत केली. नाताळच्या आदल्या दिवशी फाटकाशी तपासणी होती, तर माझा हिरवा दिवा लागेना. तळव्यावर दोनदा आपटली, लागला. थंडीनं सेल आखडतात. प्रेम म्हणाला, सेल बदल. पण मी दसऱ्याला घरी येतानाच नवे घातले होते, आकडाही ऐंशीच्या वर दाखवतो. चांगले सेल फेकायचे कशाला? महिनाअखेर नवी यंत्रं येणार आहेत.

बर्फाचं मात्र मला यंदा पटत नाही. डिसेंबरात थोडा पडला, मग कोरडी थंडी, मग परत पडला. वरचा थर खालच्याला धरून बसलेला नाही. चालताना पायाखालून 'धप्प' असा आवाज येतो आणि वीस पावलांवरचा बर्फ एकदम बोटभर खचतो. मी फाटक बंदच ठेवा म्हणतो. मॅनेजर म्हणतो, आवाजाला काय घाबरायचं, पाहुणे वरच्या उताराचे फोटो बघून येतात.

अंजूला पाठव. खालच्या मैदानावर शिकवीन. तीन दिवसांत पोरगी उभी राहील.

तुझा
रामलिंग

---

लातूर
२० जानेवारी २०२५
(अंजूच्या हाती)

चि. रामलिंग,
आशीर्वाद.

हे पत्र तिळगुळाच्या डब्यात, खाली, कापडात शिवून ठेवते आहे. पोस्टाला दहा-पंधरा दिवस लागतात, अंजू तिसऱ्या दिवशी पोचेल. तुझं पत्र परवा मिळालं.

ती डबी वापरू नकोस. आधी हे वाच, मग बाकीचं.

खंडेनवमीला मी तिला नुसतं भस्म लावलं नव्हतं. पट्टा, छातीवर बांधायची, कायम अंगावर ठेवायची, आत काहीतरी जपलेलं. मला ती लिंगाच्या चौकटीसारखीच वाटली. नाण्यानं झाकण उघडलं. आत तीन सेल होते, ते बाजूला काढले आणि आतून पंचामृतानं धुतली. दूध, दही, मध, सगळं. मग पाण्यानं, मग पदरानं पुसली. सेल परत बसवताना त्यांच्या खाली बेलाचं एक कोवळं पान ठेवलं आणि झाकण लावलं. तू लिंगावाचून जाणार, म्हणून निदान बेल तरी तुझ्या छातीशी असू दे, एवढंच मनात होतं.

तू उठल्यावर सांगणार होते. पण गौरम्मा समोर होती. मिक्सरवरून वर्षभर हसून घेतलेली. तू गेल्यावर वाटलं, चालत असेल, बिघडली असती तर त्यानं लिहिलं असतं. मग तू लिहिलंस, दिवा लागेना. थंडीनं नाही रे. माझ्यामुळं.

तू म्हणशील, आत्या, गौरम्माअक्काला सांगून फोन का नाही केला. तिला सांगावं लागलं असतं म्हणून. परवापासून चार वेळा तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि भाजीचं बोलून परत आले. शाळेत पोरांनी चूक लपवली की मी त्यांना अंगठे धरायला लावायची. अंजूलाही काही सांगितलं नाही, ती आईला सांगेल. नुसतं म्हटलं, हा डबा मामाच्याच हातात दे, त्यानंच उघडायचा.

आवाजाचं लिहिलंस त्याविषयी. त्र्याण्णवच्या भूकंपाआधी आपल्या गावात जमिनीतून वर्षभर गुडगुड यायची. भांडी हलायची. आम्ही हसायचो, म्हणायचो, सवय झाली. मग तुझे आईबाप गेले. तू तीन वर्षांचा होतास. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या मातीवर पालथी पडून कान लावला तेव्हा तू रडत होतास, म्हणून सापडलास. तेव्हा माझे कान चांगले होते. ज्यांचा आवाज आला नाही त्यांच्यावरून आम्ही चालत गेलो असू, हे मी आजवर कुणाला बोलले नाही. म्हणून तुला सांगते, आवाज येतोय तर फाटक उघडू देऊ नकोस. आणि ज्या डबीनं हाक मारायची, तिचं तोंड मी बंद करून ठेवलंय.

हे वाचलंस की मला एका ओळीचं पत्र टाक: आत्या, मी डबी फेकून दिली. दुसरं काही लिहू नकोस. रागावलास तरी चालेल.

तुझी
आत्या

---

रिखधार
२५ जानेवारी २०२५, सकाळ

ती. आत्यास,
शरणार्थी.

घाईत लिहितोय. टपालाची जीप नऊला खाली जाते.

अंजू बुधवारी पोचली. काय पोरगी आहे! पहिल्या दिवशी बावीस वेळा पडली, मैत्रिणींनी मोजलं. दुसऱ्या दिवशी वळायला शिकली. काल मैदान वरपासून खालपर्यंत न पडता आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "मामा, बघून राहिलास का न्हाई!" इथल्या लोकांना कळलं काही नाही, पण टाळ्या वाजवल्या.

तुझा डबा तिच्या सॅकच्या तळाशी राहिला होता, आत्ता हातात दिला. "अज्जीनं बजावलंय, तूच उघड," म्हणते. किती घट्ट बांधलायस! गाठ सुटेना, आणि बोटांत हातमोजे. संध्याकाळी प्रेमला बोलावून तिघं मिळून उघडू. खोलीत खिडकीत ठेवलाय.

आज वरचा उतार उघडतोय. मला पसंत नाही, पण प्रेमनं काल खणून थर पाहिले, दुपारी बारापर्यंत चालेल म्हणाला. अंजू ऐकायला तयार नाही. मी सोबत आहे, कडेकडेनं जाऊ आणि परत येऊ.

भाड्याची बीकनं जुनी आहेत, पट्टे चिकटपट्टीनं बांधलेले. म्हणून एक भाड्याचं मी घेतलं आणि माझं अंजूला बांधलं. म्हटलं, तुझ्या अज्जीनं पूजा केलेलं आहे, हेच घाल. तिनं लगेच आईला फोन करून सांगितलं. इथंच लावून पाहिलं, दिवा लागला, हिरवागार. तू काळजी करू नकोस.

जीपवाला हॉर्न देतोय.

रामलिंग

---

रिखधार
१३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,

बोटांची पट्टी कालच निघाली, म्हणून इतके दिवस लिहिता आलं नाही. दोन नखं गेली, बाकी हात ठीक आहे. चौकशी संपेपर्यंत इथून हलायचं नाही असं सांगितलंय. अंजूला माती द्यायला मी नव्हतो, हे मला आयुष्यभर पुरेल.

अक्काला सगळं सांगायचं धाडस झालं नाही. तुला सांगतो. आम्ही कडेनं चाललो होतो. अंजू माझ्या पुढं, हाकेच्या अंतरावर. 'धप्प' झालं. या वेळी बर्फ खचला नाही, चालू लागला. माझ्या कमरेपर्यंत आला आणि थांबला. पुढं नुसतं पांढरं होतं. मी बीकन ऐकण्यावर लावलं. प्रेम आणि चौघं पाच मिनिटांत आले. आम्ही सळया खुपसत ओळीनं वर गेलो. सव्वा तासानं एका सळईला लागली. मीच खणलं. ती झोपल्यासारखी होती, तोंडावर काही त्रास दिसत नव्हता. हे अक्काला सांग.

तू मनाला लावून घेऊ नकोस. बीकन शेवटपर्यंत चालू होतं. बर्फच फार खोल होता. हे मी चौकशीतही लिहून दिलं. आणि हेही लिहून दिलं की सेल बदलायला सांगूनही मी बदलले नाहीत, फाटक उघडायला माझा विरोध होता तरी मीच तिला घेऊन गेलो. यातलं खोटं काही नाही.

तुझा तिळगुळाचा डबा त्या गडबडीत कुठं गेला कळलं नाही. खोली बदलावी लागली. उघडायचा राहूनच गेला, माफ कर.

नोकरी सोडतोय. पुढचं ठरलेलं नाही.

आत्या, मी डबी फेकून दिली.

रामलिंग

---

लातूर
२३ फेब्रुवारी २०२५

चि. रामलिंग,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. त्याच्या आधी, तीन फेब्रुवारीला, पंचवीस तारखेचंही मिळालं होतं. अंजूला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते आणि तुझ्या अक्षरात ती बावीस वेळा पडत होती. ते पत्र मी गौरम्माला दाखवलेलं नाही.

तुला मी लहानपणापासून खोटं बोलताना पकडत आले आहे. शेवटची ओळ मी एकाच पत्रात मागितली होती आणि ते पत्र डब्यात होतं. म्हणजे डबा हरवला नाही. तू उघडलास, वाचलंस, आणि डबीतलं पान काढून घेतलंस, कुणाला दिसू नये म्हणून. सव्वा तास तुझ्या हातातलं यंत्र ऐकत होतं आणि तिची हाक आली नाही. मला वाचवण्यासाठी तू ते सरकारी कागदावर खोटं लिहिलंस.

ती ओळ तू चुकून लिहिलीस की मला कळावं म्हणून, हे विचारत नाही. मी मागितली होती, तू दिलीस. रागाचा एक शब्द लिहिला असतास तर बरं झालं असतं.

पण ऐक. सेल बदलले नाहीस ती चूक तुझी. उताराला नेलंस ती तुझी. डबी माझी. प्रत्येकानं आपापली वही आपल्या नावानं द्यायची असते, हे मीच शिकवलं ना तुला? चौकशीवाल्यांना खरं लिही. पान असेल तर तेही दे. माझं नाव, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त शिक्षिका, लातूर, असं नीट लिही.

आता इथलं सांगते. अंजूला आपल्या रीतीप्रमाणं बसवून माती दिली. बर्फातून काढलेली पोरगी आठवड्यात परत खाली ठेवली. गौरम्मा रडली नाही. आपले जंगम स्वामी सांगून गेले की आपल्यात सुतक नसतं, पूजा थांबवू नका. तेव्हापासून दर सोमवारी साडेआठला ती बेल घेऊन येते. आधी कधी आणत नव्हती, हसायची. आता एकेक पान धुऊन माझ्या हातात देते. मागच्या सोमवारी माझ्यासमोर बसली, मला ओठ दिसावेत म्हणून हनुवटी वर केली आणि म्हणाली, "अव्वा, तू त्या डबीची पूजा केली व्हतीस म्हणून तरी माझी अंजू सापडली. न्हाईतर तीबी मिळाली नसती. मी तुला लई हसले गं." आणि माझ्या पाया पडली.

मी तिला उठवलं आणि चहा ठेवते म्हणून आत गेले. पुन्हा भाजीचंच बोलले.

जानेवारीत मी तिच्यासमोर चार वेळा उभी राहिले होते. त्यातल्या एका वेळी जरी तोंड उघडलं असतं तर तिनं तुला त्याच क्षणी फोन लावला असता. ती रागावली असती, शेजारच्यांना सांगून महिनाभर हसली असती, आणि अंजू आज विष्णुपुरीला असती. पान ठेवलं ते मायेनं ठेवलं. गप्प बसले ती लाज. पोरगी माझ्या लाजेनं गेली रामलिंग, देवाला मध्ये आणू नकोस.

चौकशी झाली की घरी ये. तुला कुणी काही म्हणणार नाही, आणि म्हणालं तर मी मध्ये आहे.

उद्या सोमवार आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा माझं सांगून झालेलं असेल. ती बेल घेऊन येईल, तिला समोर बसवीन आणि सगळं पहिल्यापासून सांगेन. ती काय म्हणेल ते मला ऐकू येणार नाही. पण या वेळी मी चहाला उठणार नाही, तिच्या तोंडाकडं बघत बसून राहीन.

तुझी
आत्या